बॉडीचा आवाज

"नापास करून टाकतो मी ही बॉडी," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी गाडीचं मागचं दार धाडकन लावलं. म्हणजे धाडकन लावायचा त्यांचा विचार होता. पण त्या दाराला रबर मीच बसवलं होतं. दार नुसतं फुस्स करून बसलं. अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा राग त्यामुळे आणखी वाढला असावा.

मी वर्कशॉपच्या कोपऱ्यात हातात खडू धरून उभा होतो. गाडी नापास झाली तर खडू परत द्यावा लागणार होता. खडू परत गेला की मी पुन्हा हेल्पर. माझं एवढंच अडकलं होतं, पण मला त्या दिवशी ते फार वाटत होतं.

आधी बॉडी म्हणजे काय ते सांगतो, कारण धंद्याचं नाव काढलं की लोक एकतर हसतात नाहीतर दचकतात.

ट्रक किंवा टेम्पो कंपनीतून येतो तेव्हा त्याला इंजिन असतं, चाकं असतात, खालचा सांगाडा असतो आणि ड्रायव्हरची केबिन असते. याला चेसिस म्हणतात. मागं काहीच नसतं. मागं जे बांधायचं ती बॉडी. तुरीसाठी वेगळी, संत्र्यासाठी वेगळी, गुरांसाठी वेगळी. अकोल्याच्या एमआयडीसीत उस्मानचाचांचं वर्कशॉप आहे, तिथं आम्ही हेच करतो. मी मूळचा चंदगडकडचा. आठवीत शाळा सुटली. गुळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इकडं आलो, ट्रकचा फाळका, म्हणजे मागचं खाली पडणारं दार, तुटला म्हणून आम्ही चाचांकडं थांबलो. फाळका नीट झाला, ट्रक गेला, मी राहिलो. का राहिलो ते मला नीट सांगता येत नाही. चाचांनी जेवायला बसवलं होतं आणि कोणी ऊठ म्हणालं नाही.

आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं की मी बॉडी करायला शिकतोय. ती बराच वेळ बोललीच नाही. आमच्याकडं जुन्या बायका पोलक्याच्या आत घालायच्या कपड्याला बॉडी म्हणतात.

"शिवणकाम हाय व्हय?" तिनं शेवटी विचारलं.

"न्हाई, लोखंडाचं."

त्यावर ती आणखी गप्प झाली.

या शब्दाशी माझी गाठ अशी सुरुवातीपासूनच पडली. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीनला हात लावायच्या आधी विचारायचं, "बॉडी मारते का?" म्हणजे बाहेरच्या पत्र्यात करंट उतरलाय का. समोरच्या मोबाइलच्या दुकानात "बॉडी बदलून देतो" म्हणजे नुसतं वरचं कव्हर. बाजूला व्यायामशाळा आहे, तिथली पोरं आरशापुढं उभी राहून "बॉडी झाली का रे?" असं एकमेकांना विचारतात. आणि गावोगावच्या मंडळांत, सोसायट्यांत, पतसंस्थांत बॉडी म्हणजे कमिटी. जुनी बॉडी गेली, नवी बॉडी आली. ज्या अध्यक्षांनी दार आपटलं ते प्रशांतभाऊ अशा एका नव्या बॉडीचे अध्यक्ष होते. शिवाय ते व्यायामशाळेतही जात. दोन्ही बॉड्यांकडं त्यांचं सारखंच लक्ष होतं.

त्यांच्या मंडळाची गाडी आम्ही बांधत होतो. गाव हिवरखेडच्या अलीकडचं. गाडी मयत न्यायची होती. म्हणजे शब्दाचा उरलेला अर्थही त्याच कामात आला. वर्कशॉपमधल्या पोरांना यावर जे विनोद सुचायचे ते सगळे पहिल्याच दिवशी करून झाले.

गाडी मंडळाची असली तरी दिली होती एका माणसानं. इंगळे काकाजी. शाळेत शिपाई होते, रिटायर झाले. बायको गेली, तिच्या नावानं त्यांनी गावाला ही गाडी द्यायची ठरवली. चेसिस घेऊन ते पहिल्यांदा आले तेव्हा चाचांनी त्यांच्यापुढं फोटोंचा अल्बम ठेवला. कमानीवाली, घुमटवाली, काचेवर फुलं काढलेली.

काकाजींनी अल्बम उघडलाच नाही. म्हणाले, "तुमच्या मनानं करा. मले फक्त आवाज नाई पाह्यजे."

"हॉर्नचा?"

"गाडीचा. मागं आवाज नाई आला पाह्यजे."

चाचा म्हणाले, "काकाजी, नवी बॉडी बोलतेच. तिले चूप कराव लागते. करून देतो."

हे 'चूप करणं' म्हणजे आमच्या वर्कशॉपची एक पद्धत आहे. दुसरीकडं ती आहे की नाही मला माहीत नाही. बॉडी बांधून झाली की एक मिस्त्री मागं बसतो आणि गाडी खराब रस्त्यावर फिरवतात. जिथून आवाज येईल तिथं मिस्त्री खडूनं फुली मारतो. परत आल्यावर एकेक फुली बघून नट आवळायचा, रबर घालायचं, पट्टी ठोकायची. मग पुन्हा फेरी. ज्या फेरीत एकही फुली पडत नाही त्या फेरीनंतर गाडी गिऱ्हाइकाला द्यायची. खडू चाचा स्वतः देतात. ज्याच्या हातात खडू तो मिस्त्री. बाकीचे हेल्पर, मग त्यांना कितीही काम येत असो.

त्या गाडीला खडू मला मिळाला. हुशारीमुळे नाही. दुसऱ्या कोणी घेतला नाही म्हणून. एकाची बायको गरोदर होती, त्याला घरून मनाई. दुसऱ्याला शनी चालू होता. तिसरा म्हणाला, मला मागं बसलं की गाडी लागते. हा माणूस जन्मभर ट्रकच्या मागं बसून आवाज शोधत आला होता.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "कोल्हापूर, तू बसतो?"

तिथं सगळे मला कोल्हापूरच म्हणत. चंदगड कुठं आहे हे सांगून झालं होतं, पण उपयोग झाला नव्हता.

"बसतो की," मी म्हणालो. चाचांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. ज्या माणसानं ओळख ना पाळख ठेवून घेतलं, त्यानं खडू पुढं केल्यावर शनी आहे म्हणून कसं सांगायचं? आणि शनी मला होता की नाही हेही मी कधी विचारलं नव्हतं.

"ही गाडी चूप करून दिली, तर खडू तुह्याच जवळ राहू दे," चाचा म्हणाले. "नाई झाली, तर वापस."

पहिल्या फेरीत गाडी आतून फुल्यांनी भरली. दुसऱ्या फेरीत बऱ्याच गेल्या. खिडकीच्या काचांना कडेनं रबराचं बीडिंग घातलं, नातेवाइकांच्या बाकाखाली रबर घातलं, दाराचं सांगितलंच आहे. मधोमध मयत ठेवायचा ट्रे असतो. त्याला खालून रोलर असतात, रुळासारख्या दोन पट्ट्यांवरून तो आतबाहेर सरकतो. ट्रेवर वाळूची पोती ठेवून फेरी मारली, कारण रिकामी गाडी जास्त उडते. फक्त एक आवाज राहिला.

टक. मग थोडा वेळ काही नाही. मग टक.

कोणीतरी आतून दार वाजवावं तसा. पोरांना तो अजिबात आवडला नाही.

मी दाराचं कुलूप बदललं. टक. बिजागरी बदलली. टक. दाराला कान लावून बसलो तर दारातून यायचा, पलीकडच्या खिडकीला कान लावला तर खिडकीतून. पत्र्याची हीच अडचण असते. आवाज पत्र्यात पळतो. वाजतं एका टोकाला आणि ऐकू येतं दुसऱ्या टोकाला. मी इतक्या ठिकाणी फुल्या मारल्या की चाचा म्हणाले, "अबे, रांगोळी काढून राहिला का?"

आणि त्याच दिवशी अध्यक्ष गाडी बघायला आले. सोबत काकाजी. अध्यक्षांनी गाडी गेटच्या बाहेर नेली, खड्ड्यातून घातली, टक ऐकलं आणि परत आणली. मग ते दार आपटणं झालं.

"काहून वाजून राहिली ही?" ते चाचांना म्हणाले. "काम जुन्या बॉडीनं दिलं, त्याचे परिणाम आमच्या बॉडीनं काहून भोगाव? अमरावतीले माह्या वयखीचा आहे एक बॉडीवाला. त्याले देतो मी काम. ही सारी बॉडी उतरवा."

"भाऊ, एक आवाज राह्यला आहे," चाचा म्हणाले.

"मंग काढा ना."

"काढून राहिलो."

"कोन? हा?" अध्यक्षांनी माझ्याकडं बोट केलं. "याची बॉडी लँग्वेज पाहा तुमी. याले सोताले गाडीत बसाची भीती वाटून राहिली."

हे खरं होतं. मी खडू बोटांत चोळत होतो आणि त्याची पूड पायावर पडत होती. गाडीची बॉडी उतरवायची म्हणजे केलेलं सगळं कापून काढायचं. वर्कशॉपमध्ये आजवर असं झालं नव्हतं. खडू पहिल्यांदा माझ्या हातात आला आणि पहिलीच गाडी उतरवायची वेळ, म्हणजे गावाकडं जाणारी एसटी मला समोर दिसायला लागली होती.

काकाजी एवढा वेळ स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"प्रशांत, गाडी कोनाची?"

"मंडळाची, काकाजी. पन दिली तुमी."

"मंग उद्या अमरावतीवरून गावाले घेऊन जाऊ. दर्यापूर, अकोट, त्या रस्त्यानं. गावात पोचेपर्यंत आवाज राह्यला, तर तू म्हनशील तसं. हा पोरगा येईन मागं."

अध्यक्षांना ते मान्य झालं. आवाज जाणार नाही याची त्यांना खात्री होती. मलाही होती.

सकाळी निघालो. अध्यक्ष गाडी चालवत होते, काकाजी शेजारी, मी मागं बाकावर. ट्रेवर वाळूची पोती. चालकाच्या मागं एक छोटी खिडकी ठेवलेली असते, तिच्यातून पुढचं बोलणं ऐकू येत होतं. अमरावतीपर्यंत हायवे, त्यामुळं गाडी अगदी गप्प. अध्यक्ष जरा नाराज वाटले. त्यांनी दोन-तीनदा मुद्दाम गाडी रस्त्याच्या कडेला घातली. काकाजी नुसते म्हणाले, "सरळ चालव, बापा."

अमरावतीत एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर काकाजींनी गाडी थांबवायला सांगितली. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. ते उतरले नाहीत. काचेतून बघत राहिले.

"अथून नेलं होतं तिले," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघांनीही ऐकलं. "दुपारपर्यंत कमलाबाई इंगळे होती. नर्सबाई म्हनत होती, कमलाबाई, तोंड उघडा, कमलाबाई, गोळी घ्या. संध्याकाळी एक पोट्टं आलं, म्हने बॉडी कोनाची आहे? मी काही बोललोच नाई. मले वाटलं, दुसऱ्या कोनाले इचारून राहिला. तिसऱ्या बारीले तो जरा जोरात बोलला तवा समजलं."

अध्यक्ष म्हणाले, "तसंच म्हनतात काकाजी, दवाखान्यात."

"हाव. त्याचा काही दोष नाई. त्याले रोजचं आहे." मग थोड्या वेळानं, "पिकअप केला होता. मागं सारं लोखंड. खालून वरून वाजत होता. गावापर्यंत मी तिच्या डोक्यापाशी बसलो. तिले आवाज चालत नव्हता रे. घरात भांडं पडलं तरी बोलायची. आन् त्या दिवशी आवाज दाबाले हात ठेवाव तर कोठी ठेवाव?"

मागं बसल्या बसल्या मला एक गोष्ट सुचली ती सांगतो. आमच्याकडं गाडी बांधून होईपर्यंत आम्ही तिला बॉडी म्हणतो. बॉडीला पत्रा मार, बॉडी बाहेर काढ. शेवटी पेंटर येतो, पुढं नाव लिहितो. त्या दिवसापासून कोणी बॉडी म्हणत नाही, नावानंच बोलतात. आमच्याकडं बॉडीचं नाव होतं. दवाखान्यात नावाची बॉडी होते. हे मी कोणाला बोललो नाही. तेव्हा खडू अजून पक्का माझा नव्हता आणि आवाज जायचा होता.

अमरावती सोडली. दर्यापूरचा रस्ता सुरू झाला आणि थोड्या वेळात आला.

टक.

अध्यक्ष आरशातून माझ्याकडं बघून हसले. मी दाराकडं सरकलो. टक. खिडकीकडं सरकलो. टक. गुडघ्यांवर बसलो, बाकाखाली डोकं घातलं. टक, आता वरून.

"पोरा," काकाजींनी छोट्या खिडकीतून विचारलं, "सापडते का?"

"न्हाई काकाजी. हितंच हाय, पण कुठं हाय ते कळंना."

"तू कोठी बसला?"

"बाकावर."

"ज्याच्यासाठी गाडी आहे, तो बाकावर बसते का?"

ट्रेवर झोपून बघावं हे मला सुचलं नव्हतं असं नाही. दुसऱ्याच फेरीत सुचलं होतं. पण मयताच्या जागी जित्या माणसानं झोपलेलं आईला चाललं नसतं, म्हणून मी बाकावरच बसलो होतो.

"प्रशांत, गाडी बाजूले घे," काकाजी म्हणाले.

गाडी एका बाभळीपाशी थांबली. काकाजी उतरून मागं आले. म्हणाले, "ही पोती काढ."

"काकाजी, काय करून राहिले तुमी?" अध्यक्ष धावत आले. "चांगलं नाई दिसत. अपशकुन होते."

"माह्या वयात शकुनाचं काय रे? आनि गाडी घेताना मानूस बसून पाहाते का नाई? तू बुलेट घेतली तवा शोरूममंदी बसून पाह्यली होती ना?"

"ते वेगळं, काकाजी."

"वेगळं काहून? तू तुह्या गाडीवर बसून पाह्यलं. मी माह्या गाडीत लेटून पाहातो."

मी पोती उतरवली. काकाजींनी चपला काढल्या, बाहेर नीट जोडून ठेवल्या, मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्या उचलून बाकाखाली ठेवल्या. ट्रेवर आडवे झाले. टोपी छातीवर ठेवली. उंचीला ट्रे बरोबर होता, ते मी आधीच बघून घेतलं. कामाची सवय.

मग त्यांनी हात पुढं केला. "तो खडू दे."

खडू द्यायचा नसतो. ज्याच्या हातात खडू तो मिस्त्री, हे सांगितलंच आहे. पण त्यांना ते कुठं माहीत होतं. आणि मी आवाज काढू शकलो नव्हतो हेही खरं होतं. मी खडू दिला.

"चालव," काकाजी म्हणाले. "हळू नोको चालवू. तशीच चालव."

अध्यक्षांनी गाडी सुरू केली. त्यांची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. मी बाकावर अंग चोरून बसलो. काकाजींनी डोळे मिटले होते. मला ते आवडलं नाही. मी म्हणालो, "काकाजी, डोळं उघडं ठेवा की."

"डोये उघडे ठेवले की कान बंद होते," ते डोळे न उघडता म्हणाले.

खड्डा आला. टक.

काकाजींनी डोकं किंचित डावीकडं वळवलं. पुन्हा टक. त्यांनी डोकं उचललं, परत टेकवलं. मग तसेच पडल्या पडल्या डावा हात मागं नेला आणि डोक्याच्या अगदी जवळ, ट्रेच्या कडेला एक फुली मारली.

"अथी आहे," ते म्हणाले. "माह्या कानाखाली. माह्याशीच बोलून राहिलं ते."

गाडी थांबवली. काकाजी उठून बाकावर बसले. मी ट्रे बाहेर ओढला, खाली झोपून बॅटरी लावली. डोक्याकडचा डावा रोलर पट्टीला टेकतच नव्हता. फट एवढीशी, की जाड कागद जेमतेम जाईल. गाडी उडाली की ट्रेचा तो कोपरा खाली यायचा आणि रोलर पट्टीवर आपटायचा. मी दाराचं कुलूप बदललं होतं, बिजागरी बदलली होती. रोलर दारापासून सगळ्यात लांब होता.

जवळच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. तिथून जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, कापला, पट्टीखाली बसवला, बोल्ट आवळला. अध्यक्ष बाजूला उभे राहून बघत होते. मध्येच वाकून त्यांनी माझ्यासाठी बॅटरी धरली. आपण बॅटरी धरलीय हे लक्षात आल्यावर त्यांनी घसा खाकरला, पण बॅटरी सोडली नाही.

"झालं?" काकाजींनी विचारलं.

"बघाय पायजे."

"मंग लेटतो पुन्यांदा." ते परत आडवे झाले. खडू हातातच होता.

दर्यापूर गेलं. त्याच्या पुढचा रस्ता आणखी वाईट होता, त्याबद्दल मी त्या दिवसापुरते आभार मानले. गाडी उडत होती, वाळूची पोती माझ्या पायाशी घसरत होती, अध्यक्ष कोणाला तरी शिव्या देत होते. मागं आवाज नव्हता. मी कान देऊन बसलो होतो. माझ्या छातीची धडधड तेवढी ऐकू येत होती, पण ती बॉडीत धरत नाहीत.

अकोट आलं. काकाजींच्या हातातला खडू हलला नव्हता. मला वाटलं त्यांना झोप लागली. मग भीती वाटली की झोप नसेल. मी वाकून बघितलं, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं होतं आणि तिथं, फुलीच्या जवळच, पत्र्यावर थेंब पडला होता.

मी परत बाकावर सरकून बसलो. तेच म्हणाले, "काही नाई वाजत, मिस्त्री."

हे त्यांनी मला पहिल्यांदा म्हटलं. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. माझ्यापुरता तो पोचला.

गाव जवळ आल्यावर त्यांनी गाडी थांबवली, चपला घातल्या, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि पुढं जाऊन बसले. अध्यक्ष हळूच म्हणाले, "बरं केलं काकाजी. गावातले लोक घाबरले असते."

"त्याच्यासाठी नाई," काकाजी म्हणाले. "मागं बसाले टाइम आहे अजून. आज समोर बसतो."

गावात मंडळाचे लोक जमले होते. नव्या बॉडीतले, जुन्या बॉडीतले, वेगवेगळ्या झाडांखाली. गाडीवर काय नाव लिहायचं यावरून त्यांच्यात आधीच वाद होता. कोणाला 'वैकुंठ' पाहिजे होतं, कोणाला 'शांती', आणि अध्यक्षांना खाली पूर्ण कमिटीची नावं पाहिजे होती. सगळ्यांनी अध्यक्षांना विचारलं, कशी आहे गाडी?

अध्यक्षांनी सगळ्यांकडं पाहिलं. काकाजींकडं पाहिलं नाही.

"वाजत नाई," ते म्हणाले. "पास आहे बॉडी."

नावाचं काकाजींनीच सांगितलं. "गावाचं नाव टाका. बाकी कायी नोको. सारे जाऊन राहिले तर साऱ्याईचं नाव कोठी लिवता?" कमिटीची नावं राहून गेली. पुढच्या वर्षी बॉडी पुन्हा बदलली, तेव्हा सगळ्यांना ते बरंच वाटलं असणार.

एक अडचण राहिली. खडू काकाजींच्या खिशात गेला होता आणि मला तो मागायची लाज वाटली. मी एसटीनं अकोल्याला परत आलो तो रिकाम्या हातानं. चाचा गेटवरच होते.

"गाडी?"

"पास झाली."

"खडू?"

"काकाजींकडं राह्यला."

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. कोण झोपलं, कोणी फुली मारली, सगळं. मी काही झाकलं नाही, कारण झाकून माझ्या वाट्याला फार काही येत नव्हतं. फुली माझी नव्हतीच.

"म्हंजे आवाज त्याईनं काढला," चाचा म्हणाले.

"व्हय."

"आन् रबर?"

"मी लावलं."

चाचा आत गेले. मला वाटलं विषय संपला. मी हातपाय धुतले, जेवलो. सकाळी कामावर आलो तर वरूडच्या संत्रावाल्याचा नवा ट्रक उभा होता आणि त्याच्या फाळक्यावर एक नवाकोरा खडू ठेवलेला होता. चाचा लांबूनच ओरडले, "कोल्हापूर, ऊन चढायच्या आदी फेरी मारून ये."

नाव बदललं नाही. खडू मिळाला.

काकाजी अजून आहेत. गाडी कुठं निघाली की ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसतात, कोणाचीही मयत असो. गाव आता ते धरूनच चालतं. आल्यावर मला फोन करतात. कोण गेलं ते नावानं सांगतात, कोणाचा कोण होता ते सांगतात, मी त्यांतल्या कोणालाच ओळखत नसलो तरी. मग शेवटी म्हणतात, "मिस्त्री, आवाज नाई आला." मी म्हणतो, "बरं झालं काकाजी." दुसरं काय म्हणणार?

आईलाही मी ही हकिगत सांगितली. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, तू स्वतः त्याच्यात झोपला न्हाईस न्हवं? मी म्हणालो, न्हाई. मग ती बरं म्हणाली.

या कामातून मी एवढंच शिकलो की गाडीत आवाज कुठं येतो हे शोधायचं असेल, तर ज्याला तिच्यातून जायचं आहे त्यालाच विचारावं. बाकावर बसून ते कळत नाही. ट्रकच्या बाबतीत मात्र याचा उपयोग नाही. तूर काही सांगत नाही. तिथं अजूनही मलाच मागं बसावं लागतं.